सेल्फ नुसता टक् करतो? आधी अर्थिंग बघा

माझी गाडी सतरा वर्षांची. घेतली तेव्हाही सगळ्यात स्वस्त मॉडेल, त्यामुळे तिच्यात बिघडण्यासारखं फार नाहीच. जे आहे ते आळीपाळीने बिघडतं. गेल्या वर्षी सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारला की नुसता एक टक्. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. पंधरा दिवसांनी परत टक्. मग सेल्फ बदलला. परत टक्! शेवटी सापडली ती बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनला जाणारी अर्थिंगची वायर, बोल्टखाली गंजून हिरवी पडलेली. पाना, पॉलिश पेपर आणि अर्धा तास, एवढंच काम होतं.

तेव्हापासून आधी कान देतो. भराभर टकटकटक आणि डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. एकच ठसठशीत टक् आणि दिवे लख्ख, तर सेल्फ किंवा त्याची वायरिंग. इंजिनची अर्थिंग त्यातच आली.

व्होल्ट मोजायला साधा मल्टिमीटर घ्याच. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी, 12.2 म्हणजे निम्मी रिकामी. इंजिन चालू केल्यावर साधारण 13.8 ते 14.4 दिसलं नाही, तर अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा) किंवा त्याचा पट्टा बघा. अर्थिंगसाठी एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवा (क्लॅम्पवर नाही), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर चोर सापडला. मीटर नसेल तर जंपर केबलने निगेटिव्ह टर्मिनल थेट इंजिनच्या धातूला जोडून सेल्फ मारून बघा.

साफ करताना निगेटिव्ह आधी काढायचं आणि शेवटी लावायचं. उलट केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला, तर ठिणग्या उडतात. मी एकदा उडवल्यात. टर्मिनलवरची पांढरी भुकटी खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने निघते. वाळल्यावर वरून थोडं व्हॅसलीन.

इंजिन मिसिंग करत असेल, म्हणजे अडखळत चालत असेल, आणि प्रत्येक प्लगला ठिणगी देणारी वेगळी कॉइल असेल, तर संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. मिसिंग तिच्याबरोबर गेलं तर कॉइल खराब. जागचं हललं नाही तर प्लग किंवा पेट्रोल फवारणारा इंजेक्टर. ही अदलाबदल इंजिन बंद आणि गार असताना करा.

तापमानाचा काटा लाल रेघेकडे निघाला तर एसी बंद, हीटर फुल, आणि गाडी बाजूला. हीटर लावला की इंजिनची उष्णता आत येते. तुम्ही घामाघूम व्हाल, पण इंजिनचं हेड (सिलिंडरवरचा वरचा भाग) वाचेल. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, म्हणजे नाहीच. दाबाखालचं पाणी झाकण सुटताच उकळून अंगावर येतं. गार झाल्यावर कूलंट बघा. पातळी ठीक असेल तर इंजिन चालू करून एसी लावा. रेडिएटरचा पंखा फिरला तर त्याची मोटर शाबूत आहे, संशय थर्मोस्टॅटवर (कूलंटची वाट उघडणारी झडप) किंवा तापमानाच्या सेन्सरवर. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा आणि कूलंटही सारखं कमी होतंय, तर हेड गॅस्केटची (हेड आणि इंजिन ब्लॉकमधलं सील) शंका घ्या आणि गाडी चालवू नका.

धुराचं थोडक्यात: निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय (आधी एअर फिल्टर बघा).

ब्रेकला मी स्वतः हात लावत नाही. पेडल खोल जायला लागलं की टो करून गॅरेजात.