पेट्रोलचोर येऊन गेल्यावर, किल्ली फिरवायच्या आधी

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी खाली उतरलो तर गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाची कड वाकलेली, भोवतीचा रंग खरवडलेला. चाकाशी गवंडी वापरतात तसल्या लेव्हलच्या नळीचा हातभर तुकडा आणि कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली. डॅशबोर्डवर काटा रात्रीइतकाच, अर्ध्यावर. शेजारी म्हणाले, "गेलं नाही ना काही? सुटलात!" मीही तेच समजून ऑफिसला निघणार होतो. गॅरेजवाल्याने फोनवर अडवलं: आधी खाली वाकून बघा, किल्लीला हात लावू नका.

नव्या गाड्यांत बहुधा टाकीच्या मानेत झडप असते, नळी आत सरकत नाही. मग वैतागलेला चोर खालून हात घालतो. माझ्या गाडीत मान आणि टाकी जोडणाऱ्या रबरी पाइपाला त्याने टोकदार काहीतरी खुपसलं होतं. टाकी अर्धीच होती म्हणून ठिबकलं नाही. त्याच दिवशी टाकी फुल करायला गेलो असतो, तर पंपावरच खाली धार लागली असती. म्हणून पेट्रोल गेलं नसलं की मला जास्त धास्ती वाटते. काय मोडून ठेवलंय ते काट्यावर दिसत नाही.

तेव्हा सकाळचा क्रम आधीच ठरवून ठेवा. पहिल्यांदा नाक. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत आणि तळमजल्याच्या पार्किंगमध्ये साचून राहते. वास येत असेल तर गाडी चालू करायची नाही, ढकलून उघड्यावर आणायची. बघायला येणाऱ्यांची गर्दी होतेच, त्यातला विडीवाला आधी लांब पाठवा. मग बॅटरीच्या उजेडात मागच्या चाकांच्या आतली बाजू बघा: ओला डाग, लोंबणारा पाइप, प्लॅस्टिकच्या टाकीला भोक. सांडलेल्यावर पाण्याची नळी सोडू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. कोरडी वाळू किंवा माती टाका. झाकण उघडंच सापडलं तर आत पाणी किंवा कचरा गेलाय का हे कळायला मार्ग नाही. अशा वेळी टोइंग करून गॅरेजला न्या, दोन हजार गेले तरी चालतील. त्यासाठी टोइंगवाल्याचा आणि विमा कंपनीच्या मदत-क्रमांकाचा नंबर मोबाइलमध्ये हवा, शिवाय एका चिठ्ठीवर घरातही.

रात्रीची तयारी त्यामानाने सोपी. बहुतेक गाड्यांत काट्याजवळच्या पंपाच्या चित्राशेजारी छोटा बाण असतो. झाकण कुठल्या बाजूला आहे ते तो सांगतो. ती बाजू भिंतीला लावून, वीतभर जागा ठेवून गाडी लावा. ज्या गाड्यांत झाकण दाबून उघडतं, त्यांत ते बरेचदा सेंट्रल लॉकला जोडलेलं असतं, म्हणून लॉक केल्यावर एकदा दाबून बघा. किल्लीचं झाकण बसवता आलं तर बसवा. आणि खिडकीतून कोणी गाडीखाली झोपलेला दिसला तर एकट्याने खाली धावू नका, त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर असतो. दिवे लावा, आरडाओरडा करा, 112 फिरवा.

पोलिसांकडे जाताना एक हिशेब माहीत असू द्या. छोट्या गाडीची टाकी 35-37 लिटरची. पेट्रोल शंभरावर धरलं तरी पूर्ण टाकीचे पाच हजार होत नाहीत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 5,000 रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र आहे, त्यामुळे ठाण्यात नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली तर चिडू नका. पण मोडतोडीचा खर्चही तक्रारीत लिहा आणि प्रत मागून घ्या. फोटो आधी लांबून, नंबरप्लेट दिसेल असे, मग जवळून. सीसीटीव्हीचं मात्र त्याच दिवशी बघा, चित्रण साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआर, जुनं पुसत जातो. त्याचं घड्याळ चुकीचं असणारच. आमचं चाळीस मिनिटं पुढे होतं. खरी वेळ आणि पडद्यावरची वेळ, दोन्ही लिहून ठेवा.

विम्याबद्दल थोडक्यात: नुसता थर्ड पार्टी असेल तर विसरा. पूर्ण विमा असला तरी झाकण-पाइपासाठी दावा करण्याआधी नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती जाईल ते बघा. तो 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. मी पाइप खिशातूनच बदलला.

शेवटची तयारी वॉचमनची. असं काही दिसलं तर वस्तू हलवायची नाही, हे त्याला आजच सांगून ठेवा. नळीचा तुकडा मी पिशवीत घालून ठाण्यात दिला. बोटांचे ठसे मिळाले असते ती बाटली मात्र आमच्या वॉचमनने झाडता झाडता भंगाराच्या गोणीत टाकली होती, आणि गोणी दहा वाजताच गेली होती.