कोल्हापुरात बसून विरळ दीर्घिकांतले तारे निवडताना

शिवाजी विद्यापीठात फिजिक्स म्हटलं की थिन फिल्म. मी खगोलाकडे वळतोय म्हटल्यावर घरचे म्हणाले, "दुर्बीण कुठं हाय?" शेजारचे काका मात्र खूश. नारळीकर कोल्हापुरातच जन्मले ना, मग झालं!

दुर्बिणीवाचून अडत नाही. ताऱ्यांच्या जागा आणि हालचाली मोजणाऱ्या गाया उपग्रहाचा कॅटलॉग फुकट आहे, तो उघडून आलेख काढायचं सॉफ्टवेअर टॉपकॅटही फुकट आहे, साधा लॅपटॉप पुरतो. उलट विरळ दीर्घिका, म्हणजे ज्यांचे तारे फार पसरलेले असतात त्या मंद दीर्घिका, डोळ्यांनी दिसतच नाहीत. अँटलिया 2 ही अशीच एक. पसाऱ्यानं शेजारच्या मोठ्या मॅगेलनिक मेघ या दीर्घिकेएवढी, पण प्रकाश हजारो पट कमी, त्यात आकाशगंगेच्या तबकडीआड. ती 2018 साली गायाच्या डेटातच सापडली, तेही आरआर लायरी या ठरावीक वेळानं तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांच्या मागावर जाऊन.

तुम्ही मात्र सुरुवात तिच्यापासून करू नका. स्कल्प्टर ही बटू दीर्घिका घ्या. सुमारे 2,80,000 प्रकाशवर्षं दूर, तारे भरपूर. मध्याभोवती अर्ध्या अंशातले तारे उतरवा आणि ज्यांचा पॅरलॅक्स (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किंचित सरकल्यासारखा दिसतो तो कोन, जवळच्या ताऱ्याचा मोठा) ठळक मिळतो ते काढून टाका. ते आपल्याच आकाशगंगेतले. मग प्रॉपर मोशनचा, म्हणजे तारा आकाशात दरवर्षी किती सरकतो त्याचा आलेख काढा. जवळचे तारे चारीकडं विखुरतात, स्कल्प्टरचे शून्याजवळ गर्दी करतात. तेवढेच निवडून रंग-प्रत आलेख (आडवा रंग, उभी प्रत म्हणजे तेज) काढला की तांबड्या राक्षसी ताऱ्यांची तिरकी फांदी वर येते. ती पहिल्यांदा दिसते तेव्हा, खरं सांगतो, नाद खुळा.

सगळ्यांना एकच गाळणी लावू नका. प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद. 17 व्या प्रतीच्या ताऱ्याच्या प्रॉपर मोशनमध्ये एरर वर्षाला 0.07 मिलिआर्कसेकंदाच्या (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग, मिलि म्हणजे त्याचा हजारावा) आसपास असतो, 20 व्या प्रतीला तो 0.5 वर जातो. ठरावीक चौकट आखली तर मंद तारे हकनाक बाहेर पडतात. प्रत्येक ताऱ्याचा एरर धरूनच निवडा. बहुतेक ट्युटोरियल हे एका ओळीत उरकतात, मला ते पटत नाही.

पुढं आयसोक्रोन, म्हणजे एकाच वयाच्या ताऱ्यांची गणितानं काढलेली रेघ, आलेखावर बसवताना घाई नको. वय वाढवलं तरी फांदी तांबडी होते, धातूंचं प्रमाण वाढवलं तरी होते. नुसत्या रंगावरून दोन्ही वेगळी करता येत नाहीत, स्पेक्ट्रम लागतोच.

पायथन एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी शिका. पीएचडीसाठी पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची आयनॅट परीक्षा असते, जेस्ट ही फिजिक्सच्या पीएचडीची देशभरची प्रवेश परीक्षाही द्या. आयुकाच्या उन्हाळी प्रकल्पाला अर्ज करताना हा स्कल्प्टरचा आलेख सोबत ठेवा. मुलाखतीत तुमच्या गाळणीवरच प्रश्न येऊ द्या, बाकी सिलॅबस सगळ्यांचाच सारखा असतो.