स्टिअरिंगचा प्ले गेला, गिअरबॉक्स न बदलता

माझी पिकअप 2009 ची. कांदा भरून लासलगावला निघालो की साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं. चार बोटं फिरवलं तरी चाक हलेना, म्हणजे स्टिअरिंगमध्ये ढिलेपणा, प्ले. मिस्त्री म्हणाला, स्टिअरिंगचा गिअरबॉक्सच बदला. खर्च ऐकूनच घाम फुटला.

घरी पुढचं चाक जॅकवर घेतलं, डावी-उजवीकडून धरून हलवलं, पोराला टाय रॉड एंडवर (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) बोट ठेवायला लावलं. खटखट तिथेच! त्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलेला, आत ग्रीसऐवजी माती.

जुना एंड काढताना फेरे मोजले, साडेसतरा. नवा तेवढाच फिरवला. नट सुटू नये म्हणून घालायची स्प्लिट पिनही नवी (जुनीच सरळ करून घालणाऱ्यांना दंडवत). दुसरी बाजूही बदलली. फेरे मोजून टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली, तो कोन) फक्त अंदाजे जुळतो, म्हणून लगेच अलाइनमेंट करून घेतलं.