सर्च अ‍ॅड्सच्या कामात नवीन येताय? कॉम्पिटिटरकडे नंतर बघा, आधी सर्च टर्म्स वाचा

सर्च अ‍ॅड्सच्या, म्हणजे गुगल-बिंगवर काही शोधलं की रिझल्टबरोबर दिसणाऱ्या जाहिरातींच्या फिल्डमध्ये यायचंय, सुरुवात कुठून करू, असं विचारणारे मेसेज मला सारखे येत असतात, आणि दरवेळी तुकड्यातुकड्यात उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढावं म्हणून हे लिहितेय. कोर्स कुठला करायचा हे लगेच सांगून टाकते. गुगलचं स्किलशॉप आणि मायक्रोसॉफ्टचं लर्निंग लॅब, दोन्ही फुकट आहेत, दोन्हींचं सर्टिफिकेट मिळतं, करून घ्या. त्याने इंटरव्ह्यूपर्यंत पोचाल. पण काम हातात येतं ते दुसऱ्याच एका सवयीने, आणि ती सवय मला कशी लागली ते सांगते.

मी ट्रेनी म्हणून लागले त्याला सहा-सात महिने झाले असतील, तेव्हा पहिल्यांदा एक पूर्ण अकाउंट माझ्याकडे आलं. क्लायंट ऑनलाइन बिलिंगचं सॉफ्टवेअर विकायचा. त्यांचा एक कॉम्पिटिटर होता, त्यांच्यापेक्षा बराच मोठा, आणि क्लायंटची एकच मागणी होती की त्याचं नाव कुणी सर्च केलं की सगळ्यात वर आपली अ‍ॅड दिसली पाहिजे. मला ते फार भारी वाटलं, थेट समोरच्याच्या दारात जाऊन लढायचं! कॉम्पिटिटरचं नाव कीवर्ड म्हणून, म्हणजे ज्या शब्दावर आपली अ‍ॅड दिसावी तो शब्द म्हणून टाकलं, बिड, म्हणजे एका क्लिकसाठीची बोली, चांगली तगडी ठेवली, दोन दिवसांत अ‍ॅड वर दिसायला लागली आणि क्लायंट खूश. पुढच्याच आठवड्यात समोरच्यांनी आमच्या नावावर बिड लावली. मग आम्ही वाढवली, मग त्यांनी वाढवली, आणि महिना संपेपर्यंत स्वतःच्याच नावावरच्या क्लिकसाठी आम्ही आधीच्या तिप्पट पैसे मोजत होतो. नवीन गिऱ्हाईक मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं.

आमचे एक सीनियर होते, सगळे त्यांना सर म्हणायचो. ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "सर्च टर्म्स वाचल्यास का?" सर्च टर्म्स म्हणजे अ‍ॅड दिसली तेव्हा लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केलं होतं त्याची यादी. मी म्हटलं, "हो सर, सीटीआर जरा कमी येतोय, पण..." (सीटीआर म्हणजे जितक्या वेळा अ‍ॅड दिसली त्यातल्या किती वेळा क्लिक झालं ते.) "आकडे नाही विचारत मी. ओळी वाचल्यास का, एकेक?" नव्हत्या वाचल्या. त्यांनी रिपोर्ट उघडला आणि मला मोठ्याने वाचायला लावलं. कॉम्पिटिटरचं नाव आणि पुढे लॉगिन. नाव आणि पुढे पासवर्ड विसरलो. नाव, कस्टमर केअर नंबर. नाव, बिल प्रिंट होत नाही. नाव, अ‍ॅप डाउनलोड. पुन्हा लॉगिन, स्पेलिंग चुकलेलं लॉगिन, पुन्हा लॉगिन. वाचता वाचता माझा आवाज खाली खाली जात गेला कारण मला कळायला लागलं की ही सगळी माणसं त्या कंपनीची आधीपासूनची गिऱ्हाईकं आहेत, त्यांना स्वतःच्या अकाउंटमध्ये शिरायचंय, आणि घाईत वरच्या पहिल्या लिंकवर बोट पडलं की त्या क्लिकचे पैसे आमच्या खिशातून जातायत.

चाळीसेक ओळी झाल्यावर एक वेगळी ओळ आली. नाव आणि पुढे "मधून डेटा बाहेर कसा काढायचा". सर म्हणाले, "थांब. हा आपला माणूस." मग तशाच आणखी चार-पाच सापडल्या: अकाउंट बंद कसं करायचं, याच्यापेक्षा सोपं सॉफ्टवेअर कुठलं, असल्या. त्या दिवशी आम्ही लॉगिन, पासवर्ड, कस्टमर केअर, डाउनलोड असले सगळे शब्द निगेटिव्ह कीवर्ड म्हणून टाकले, म्हणजे ते शोधणाऱ्याला आमची अ‍ॅड दिसणारच नाही, मूळ नावावरची बिड बंद केली, फक्त या सोडून जायला निघालेल्या लोकांसाठी एक छोटं कॅम्पेन ठेवलं आणि त्याचं लँडिंग पेजही, म्हणजे क्लिक केल्यावर उघडणारं पानही वेगळं बनवलं, जुना डेटा आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कसा आणायचा एवढंच सांगणारं. खर्च एकदम खाली आला आणि चौकशीचे फोन वाढले. समोरच्यांनीही दोन-तीन आठवड्यांत आमच्या नावावरची बिड काढून टाकली.

नाव टाइप करणाऱ्याला बहुतेक वेळा तेच नाव हवं असतं. हे मला एका अकाउंटमधून कळलं, पण नंतर सर्च इंजिनांची आपापसातली भांडणं वाचायला लागले तेव्हा दिसलं की अब्जावधी डॉलरवाल्या कंपन्यासुद्धा याच भिंतीवर डोकं आपटून आल्यात. म्हणून नवीन मुलांना मी हा इतिहास वाचायला लावते, इंटरव्ह्यूत विचारतात म्हणून नाही, रोजच्या कामात उपयोगी पडतो म्हणून.

सुरुवात गोटू डॉट कॉमपासून करा. १९९८ मध्ये उद्योजक बिल ग्रॉस यांनी हे सर्च इंजिन आणलं आणि सर्च रिझल्टमधली जागा लिलावात विकायला काढली, जो एका क्लिकसाठी जास्त देईल तो वर. कोण किती देतोय तो आकडासुद्धा रिझल्टशेजारी सगळ्यांना दिसायचा! आणि जेवढी बोली लावली तेवढेच पैसे कापले जायचे, त्यामुळे लोक एकमेकांच्या वर एकेक सेंट चढवत जायचे, अगदी वर गेल्यावर एकजण कंटाळून सोडून द्यायचा, बोली धाडकन खाली यायची आणि परत तेच सुरू. माझ्या त्या पहिल्या महिन्यासारखंच. गुगलने २००० च्या ऑक्टोबरमध्ये अ‍ॅडवर्ड्स, म्हणजे आजचं गुगल अ‍ॅड्स, आणलं तेव्हा ते किती वेळा अ‍ॅड दाखवली यावर पैसे घ्यायचं, २००२ मध्ये ते क्लिकवर आले पण त्यात दोन मोठे बदल करून. एक म्हणजे तुम्ही लावलेली पूर्ण बोली कापायची नाही, खालच्याच्या वर राहायला लागेल तेवढीच घ्यायची. आणि दुसरा त्याहून महत्त्वाचा, नुसती बोली बघायची नाही, लोक तुमच्या अ‍ॅडवर किती क्लिक करतात तेही धरायचं. म्हणजे लोकांना नको असलेली अ‍ॅड जास्त पैसे देऊनही खाली जाऊ शकते.

आज ज्याला आपण क्वालिटी स्कोर म्हणतो त्याचं मूळ इथे आहे. १ ते १० मधला हा आकडा क्लिक येण्याची शक्यता, शोधलेल्या शब्दाशी अ‍ॅड किती जुळते आणि लँडिंग पेज कसंय या तीन गोष्टींवरून ठरतो. आता विचार करा, कॉम्पिटिटरच्या नावावर बिड लावली तर यात तुमचं काय होणार? त्याने ट्रेडमार्कची तक्रार केलेली असेल तर ते नाव तुम्हाला अ‍ॅडच्या मजकुरात वापरता येत नाही, लँडिंग पेज तुमचंच, शोधणाऱ्याला हवंय दुसरंच. तिन्ही बाजूंनी मार्क कमी, आणि मार्क कमी म्हणजे तेवढ्याच जागेसाठी बिड जास्त. समोरचा स्वतःच्या नावावर तीच जागा तुमच्यापेक्षा कितीतरी स्वस्तात घेतो. हे गणित क्लायंटला पहिल्या मीटिंगमध्येच कागदावर मांडून दाखवा, नंतरचा बराच त्रास वाचतो.

गोटूचं नाव २००१ मध्ये ओव्हर्चर झालं, त्यांनी या लिलावाच्या पद्धतीच्या पेटंटवरून २००२ मध्ये गुगलवर केस टाकली, २००३ मध्ये याहूने ओव्हर्चरच विकत घेतलं आणि २००४ मध्ये गुगलने २७ लाख शेअर देऊन ते मिटवलं. हे सावकाश वाचलंत तरी चालेल.

खरी जाहिरातींची लढाई सुरू झाली ती मायक्रोसॉफ्टमुळे. २००९ च्या जूनमध्ये बिंग आलं, स्वतःला सर्च इंजिन न म्हणता निर्णय घ्यायला मदत करणारं इंजिन म्हणत, टीव्हीवर जोरदार जाहिराती. २०१० च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या फुटबॉलच्या फायनलमध्ये, गुगलने अ‍ॅड दिली, पॅरिसमधल्या एका प्रेमकहाणीची, पूर्ण अ‍ॅडमध्ये माणूस एकही नाही, नुसते सर्च बॉक्समध्ये टाइप होणारे प्रश्न. ही अ‍ॅड जरूर बघा कारण एकामागून एक सर्च टर्म्स वाचल्या तर माणूस कसा उभा राहतो हे त्याहून चांगलं कुणी दाखवलेलं मी तरी बघितलं नाही. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने लोकांना दोन्हींचे रिझल्ट नाव न दाखवता शेजारीशेजारी ठेवून निवडायला लावले आणि लोक जवळपास दोनास एक असे बिंगला पसंती देतात असा दावा केला. पुढच्या वर्षी येल विद्यापीठातल्या इयान एअर्स यांनी स्वतः चाचणी घेतली तर त्यात गुगल पुढे निघालं. त्याच काळात मायक्रोसॉफ्टचं 'स्क्रूगल्ड' नावाचं कॅम्पेन चालू होतं, गुगलच्या शॉपिंग रिझल्टमध्ये पैसे भरलेल्यांनाच जागा मिळते, जीमेलमधले शब्द वाचून अ‍ॅड दाखवतात वगैरे. मुद्दे खोटे नव्हते. पण बघणाऱ्याच्या डोक्यात शेवटी नाव राहायचं ते गुगलचं, आणि समोरच्याची बदनामी करण्यात स्वतःबद्दल सांगायचं राहून गेलं असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मग २०२१ मध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टात गुगलच्या वकिलाने सांगितलं की बिंगवर सगळ्यात जास्त सर्च होणारा शब्द आहे 'गुगल'. हे वाचलं तेव्हा मला सरांनी वाचायला लावलेली ती लॉगिन लॉगिनची यादीच डोळ्यासमोर आली!

मग लोक बदलतात कशाने? समोर जे आधीपासून लावून ठेवलंय त्याने, म्हणजे डिफॉल्टने. अमेरिकन सरकारने गुगलवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात बाहेर आलं की सफारीमध्ये डिफॉल्ट राहण्यासाठी गुगलने अ‍ॅपलला २०२२ या एका वर्षात २००० कोटी डॉलर दिले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. डिफॉल्टला एवढा भाव का, तर माणसं आली की क्लिक येतात, क्लिकवरून इंजिनाला कळतं कुठलं उत्तर चांगलं, रिझल्ट सुधारतात, मग जाहिरातदारही तिथेच जातो. २०१० च्या अखेरीस गुगलने शंभरेक अर्थहीन शब्द बनवून त्यांना मुद्दाम भलतेच रिझल्ट जोडले होते, इंजिनिअर्सनी ते मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमधून गुगलवर सर्च करून क्लिक केले आणि काही आठवड्यांत त्यातले थोडे रिझल्ट बिंगवर उगवले. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं की आम्ही युजरचे क्लिक अनेक गोष्टींपैकी एक म्हणून वापरतो, कॉपी करत नाही. बरोबर कोण यात मी पडत नाही, पण परक्याच्या क्लिकलासुद्धा केवढी किंमत आहे ते यातून कळतं.

तुमच्या कामात याचा अर्थ असा की बिंगवरचा माणूस बऱ्याचदा ऑफिसच्या विंडोज मशीनवर, जे समोर आलं तेच वापरणारा असतो. ऑफिसला लागणाऱ्या वस्तू, सॉफ्टवेअर, सर्व्हिसेस विकणाऱ्या क्लायंटसाठी ही चांगली जागा आहे आणि नवीन लोक तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. गुगलचं कॅम्पेन मायक्रोसॉफ्टमध्ये इम्पोर्ट करता येतं, पण केलं आणि सोडून दिलं असं करू नका, बजेट, लोकेशन आणि अ‍ॅड कुठल्या पार्टनर साइटवर दिसणार हे हाताने तपासा. लिंक्डइनच्या माहितीवरून कंपनी किंवा इंडस्ट्री निवडायची सोयही तिथे आहे.

एआयमुळे सर्चचं काम संपेल का असंही विचारतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने चॅटवालं बिंग आणलं, त्याच्या आदल्याच दिवशी गुगलने घाईघाईत बार्ड या आपल्या चॅटबॉटची जाहिरात केली आणि त्या जाहिरातीतच जेम्स वेब दुर्बिणीबद्दलचं उत्तर चुकीचं होतं, एका दिवसात गुगलची मालक कंपनी अल्फाबेटचं बाजारमूल्य सुमारे १०,००० कोटी डॉलरने पडलं. समोरच्याच्या आधी पोचायच्या घाईत स्वतःचीच अ‍ॅड नीट वाचायची राहिली की असं होतं. सध्या मला दिसतं ते इतकंच की लोकांचे प्रश्न लांब झालेत, पूर्ण वाक्यात विचारतात, त्यामुळे वाचायला उलट जास्त मिळतं. २०२० च्या सप्टेंबरपासून गुगल कमी वेळा शोधलेल्या बऱ्याच टर्म्स रिपोर्टमध्ये दाखवत नाही, ते मात्र मला अजून खटकतं, कारण सोडून जायला निघालेला माणूस नेमका तसल्या विरळ ओळींमध्येच सापडतो.

माझ्या टीममध्ये नवीन कुणी आलं की पहिल्या दिवशी डॅशबोर्ड दाखवत नाही. शेवटच्या ३० दिवसांच्या सर्च टर्म्स एका शीटमध्ये काढून देते, शेजारी एक कॉलम रिकामा, आणि सांगते की प्रत्येक ओळीसमोर लिही, हा माणूस कोण आणि याला आत्ता काय हवंय. तीनशे ओळी असतात. संध्याकाळी खुर्ची ओढून शेजारी बसते आणि त्याला मोठ्याने वाचायला लावते.