अभ्यास 'उद्यापासून'? आधी या चुका टाळा

एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी), पीयूच्या (अकरावी-बारावी) परीक्षा जवळ आल्या की बेळगाव-खानापूर-निपाणीकडं घरोघरी एकच रेकॉर्ड, "उद्यापासून नक्की बसतो." आणि आळशी म्हणून बोलणी खाणारं तेच पोरगं संध्याकाळी कपाट आवरतं, गाडी धुतं, न सांगता दळण पण आणतं. मग आळस कुठाय यात?

फुशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हेच मांडलं, की चालढकल म्हणजे वेळेचं नियोजन चुकणं नाही, नकोशा भावनेपासून पळणं आहे. आता मराठी मीडियममधनं दहावी झालेला पोरगा पीयू सायन्सला गेला, फिजिक्सचं पुस्तक उघडलं, पहिल्याच पॅराग्राफला तीन इंग्रजी शब्द अडले, पोटात गोळा आला आणि हात आपोआप मोबाईलकडं गेला. बरं वाटलं लगेच! मेंदूला हीच सवय लागते, पुस्तक मिटलं की सुटका.

म्हणून पहिली चूक, नवीन टाइमटेबल. स्केचपेनांनी रंगवून भिंतीला लावलं तरी पोटातला गोळा तिथंच. त्यापेक्षा ते अडलेले तीनच शब्द वहीत लिहा, कुणाला तरी विचारा, मग पुढचा पॅरा. "अभ्यास करणार" असं मोघम पण नको. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर म्हणतात तसं अट घालून ठरवा, 'चहाचा कप खाली ठेवला की पहिलं गणित', एवढं बारीक. आणि मूड यायची वाट बघू नका, तो बहुतेक वेळा सुरू केल्यावरच येतो.

दुसरी चूक स्वतःला शिव्या घालणं, आणि यात घरचे पण हातभार लावतात. २०१० च्या एका कॅनडातल्या अभ्यासात पहिल्या परीक्षेच्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी टाळाटाळ केली. शरमेनं ते पुस्तक आणखीनच नकोसं होतं की!

मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, त्यावर जास्त काय सांगायचं.

इंजिनिअरिंगवाल्यांची चूक वेगळी, "प्रोजेक्ट रिपोर्ट काय, आठवड्यात होतोय." १९९४ च्या ब्यूलर वगैरे मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधाला सरासरी ३४ दिवस धरले होते, लागले ५५ च्या वर. तेव्हा अंदाजाच्या निदान दीडपट वेळ धराच, आणि सबमिशनच्या आठवड्यात झेरॉक्स-स्पायरलवाल्याकडं लाईन असते ते पण त्यातच धरा.