लोनचं सेटलमेंट केलंय, ऑफिसात सांगायचं का?

इंदूरजवळच्या पिथमपूरच्या एका फॅक्टरीत मी पगाराचं काम बघते. सकाळी रामबागेतून कंपनीची बस पकडते आणि गेल्या दोनतीन वर्षांत त्या बसमध्ये सगळ्यात जास्त वेळा हळू आवाजात विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, ताई, क्रेडिट कार्डाचं सेटलमेंट केलंय, एचआरला कळेल का, की मीच सांगून टाकू?

माझं उत्तर ठरलेलं आहे. कोर्टाचा कागद ऑफिसात येणारे का ते आधी बघा. येणार असेल तर त्याच्या आधी तुम्ही पोचा, आणि येणार नसेल आणि तुमच्या नोकरीचा नियमही विचारत नसेल तर गप्प बसा, त्यात खोटेपणा काही नाही.

आता आधी एक गोंधळ काढू. बँकेशी बोलून कमी रकमेत हिशोब मिटवणं म्हणजे सेटलमेंट, त्याने तुम्ही दिवाळखोर ठरत नाही, सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या रेकॉर्डवर, 'सेटल्ड' असा शिक्का बसतो आणि पुढचं लोन अवघड होतं एवढंच (एवढंच म्हणतेय पण ते काही कमी नाही). नादारी, म्हणजे दिवाळखोरी, वेगळी, ती कोर्टातून जाहीर होते. 2016 चा दिवाळखोरी कायदा आहे पण व्यक्तींबद्दलचा त्यातला भाग 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपनीच्या कर्जाला पर्सनल गॅरंटी दिलेल्यांना लागू झाला, आपल्यासारख्या पगारदारांना इंदूरात अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदा आणि जिल्हा कोर्टच आहे, ज्यात 500 रुपयांचं देणं असलं तरी अर्ज करता येतो, यावरूनच त्याचं वय समजा.

ज्यांना सांगावंच लागतं ते असे. केंद्र सरकारी नोकरी, म्हणजे कॅटमध्ये (इंदूरचं अणुऊर्जा खात्याचं संशोधन केंद्र), पोस्टात, इन्कम टॅक्समध्ये असाल तर 1964 च्या वर्तणूक नियमांतला नियम 17 वाचा, कर्जवसुलीचा किंवा नादारीचा कोर्टात दावा लागला की सगळी माहिती लगेच खात्याला कळवायची, आणि परिस्थिती हाताबाहेर गेली होती, उधळपट्टी नव्हती, हे दाखवायची जबाबदारीही तुमचीच. बँकेत असाल तर आणखी जपून, कारण 1949 च्या बँकिंग कायद्याच्या कलम 10 प्रमाणे नादार ठरलेल्या, किंवा ज्यांचं देणं आहे त्यांच्याशी तडजोड केलेल्या माणसाला बँक नोकरीत ठेवू शकत नाही. म्हणून बँकवाल्यांनी सेटलमेंटवर सही करायच्या आधी वकील गाठावा, नंतर नाही. आणि ज्यांची मुलं स्टेट बँकेच्या परीक्षेची तयारी करतायत त्यांनी जाहिरात नीट वाचा, थकबाकीचं रेकॉर्ड असलेला आणि नेमणूक पत्र निघेपर्यंत ती न मिटवलेला उमेदवार तिथे अपात्र ठरतो.

प्रायव्हेटवाल्यांनी घरी जाऊन अपॉइंटमेंट लेटर काढा. कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली असेल. त्यात कोर्टकेस किंवा आर्थिक अडचण कळवायची अट आहे का बघा, आणि कॅश, खरेदी किंवा अकाउंट्सवर असाल तर अट नसली तरी मी सांगा म्हणेन, कारण उद्या स्टोअरमध्ये दहा हजाराचा फरक निघाला तर पहिलं बोट कोणाकडे जाईल ते मला इथे बसून दिसतं. बाकी मशीनवर, पॅकिंगमध्ये, डिझाइनमध्ये काम करणाऱ्याच्या कार्डाशी कंपनीला काय करायचंय? तुमच्या होकाराशिवाय कंपनी तुमचा सिबिल काढू शकत नाही, फक्त तो होकार जॉइनिंगच्या वेळी बारीक अक्षरात घेतला होता का तेवढं बघा.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. कोर्टाचा कुर्कीचा, म्हणजे पगारातून देणं कापून घ्यायचा, आदेश आला की तो सरळ पगार देणाऱ्याकडे येतो, हिंदीत टाइप केलेला, गोल शिक्का, वर केस नंबर. आणि तो आला की मी काही करू शकत नाही, कापलं नाही तर ती रक्कम कंपनीच्या गळ्यात पडते. हिशोब असा: पगारातले पहिले 1000 सोडायचे, उरलेल्याचे दोन तृतीयांशही सोडायचे, बाकीचं कापायचं. म्हणजे 31,000 असेल तर 30,000 चा तिसरा हिस्सा 10,000 जाणार, 21,000 उरणार. कोर्टाच्या एकाच हुकूमनाम्यावर (निकालावर) हे एकूण 24 महिनेच चालतं, पोटगीचं गणित वेगळं. पीएफ आणि ग्रॅच्युइटीला मात्र हात लागत नाही. हा कागद माझ्याकडे येऊन मग मला तुम्हाला बोलवायला लागलं तर तोपर्यंत डिस्पॅचपासून गेटपर्यंत सगळ्यांनी तो वाचलेला असतो, म्हणून दावा लागलाय हे समजलं की आधी येऊन सांगा.

सांगायचं ते एचआरला, लेखी, चहाच्या टपरीवर सुपरवायझरला नाही. चार ओळी पुरे: अमुक कर्जाबाबत अमुक कोर्टात केस आहे, पगारातून कपातीचा आदेश येऊ शकतो, कामावर परिणाम होणार नाही, माहिती गोपनीय ठेवावी. बायकोचं आजारपण, भावाने फसवलं, हे सगळं लिहू नका, आणि त्याच अर्जात ॲडव्हान्स तर अजिबात मागू नका. दुसऱ्या कॉपीवर तारखेसकट सही घ्या.

एचआरच्याही आधी एका माणसाला सांगायचं, साख संस्थेच्या (पतपेढीच्या) कर्जाला जो सहकारी जामीन राहिलाय त्याला. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि आपल्याकडे तो बहुतेक शेजारच्या मशीनवरच असतो, गणपतीची वर्गणीही त्यानेच जमा केलेली असते. त्याला नोटिशीतून कळलं तर ते नातं परत जुळत नाही, मी पाहिलंय.

वसुलीवाले ऑफिसच्या फोनवर छळत असतील तर लाजून त्यांना गुपचूप पैसे देऊ नका. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला, चारचौघांत अपमान करायला, रेफरन्स दिलेल्या लोकांना त्रास द्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. फोनची वेळ आणि नाव वहीत लिहा, रिसेप्शनला एवढंच सांगा की खाजगी फोन आहे, जोडू नका. बँकेकडे लेखी तक्रार करा, 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फोन 14448.

आणि कपात संपत आली की वसुली पूर्ण झाल्याचा कोर्टाचा कागद तुम्ही स्वतः आणून अकाउंट्सला द्या. आमच्याकडे एकाचा तो कागद ड्रॉवरमध्ये राहिला आणि पुढच्या महिन्यातही पैसे कापले गेले, परत मिळवायला बिचाऱ्याला तीन चकरा माराव्या लागल्या, तेही अर्धी सुट्टी टाकून.