मनगटातली नस दबली, तर ऑपरेशनाआधी उपाय कसे शोधावेत: एका शिलाईवालीची वही

मे महिना म्हणजे माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचा. साताऱ्यात राजवाड्याजवळच्या गल्लीत मी 19 वर्षं शिलाई करते. मे-जूनमध्ये रात्री अकरापर्यंत मशीन चालू असतं. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत पहाटे तीनला जाग यायला लागली. उजवा हात बधिर, मुंग्याच मुंग्या. उठून हात झटकला की हळूहळू जिवात जीव यायचा. पुढे तुरपाई करताना सुई बोटांतून गळून पडायची आणि ती पडल्याचंसुद्धा कळायचं नाही.

डॉक्टर म्हणाले, “कार्पल टनेल आहे, नस दबलीय.” टनेल म्हणजे बोगदा एवढं मला कळतं, पुण्याला जाताना खंबाटकीचा लागतोच. मनगटातलाही तसाच अरुंद. खालून नि बाजूंनी हाडं, वरून एक जाड पट्टा. आतून बोटं वाकवणारे नऊ दोर जातात आणि त्यांच्यात दाटीवाटीनं एक नस. दोरांभोवती सूज आली की चेपते ती नस, कारण तिथं सगळ्यात मऊ तीच.

घरी आल्यावर सल्ल्यांचा पाऊस. शेजारच्या काकूंनी तांब्याचं कडं दिलं. एका गिऱ्हाईक बाईंनी चुंबकाच्या पट्ट्याचा व्हिडिओ पाठवला. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, “हळदीचा लेप लाव, महिन्यात गेलं माझं.” मी एका ठिकाणी उपचाराच्या मशीनच्या दहा ‘सिटिंग’चे पैसे आगाऊ भरून बसले. सहाव्या वेळी विचारलं, “हे नेमकं करतंय काय?” उत्तर आलं, “रक्ताभिसरण सुधारतं, ताई.” तिथून उठले ती परत गेले नाही. त्यानंतर मुलीला शेजारी बसवून स्वतः शोधायला लागले. तिचं इंग्रजी चांगलं आहे, माझं बारावीपुरतं. तेवढ्यावर काम भागलं.

शोधायच्या आधी एक गोष्ट पक्की करून घ्या: दुखणं हेच आहे ना? या नसेचा इलाका अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू. करंगळी तिच्यात येत नाही. करंगळीच बधिर होत असेल, तर नस बहुधा दुसरी. मानेपासून कळ येत असेल, तर मान तपासा. दोन्ही पायांतही मुंग्या असतील, तर साखर तपासा. मी कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीनं कडा काढली आणि मुंग्या येतात तेवढा भाग रंगवून डॉक्टरांना दाखवला. त्यांना पाच मिनिटांचं बोलणं एका नजरेत कळलं. त्यांनी दोन्ही मनगटं वाकवून मिनिटभर धरायला सांगितली (याला फॅलेन टेस्ट म्हणतात), मनगटावर बोटानं टकटक केली, साखर नि थायरॉइड करायला लावलं, मग नसेची चाचणी. तिला एनसीव्ही म्हणतात. माझं थायरॉइड कमी निघालं. ते तसंच ठेवून मी वर्षभर लेप लावत बसले असते! मधुमेह, थायरॉइड, संधिवात, गरोदरपण, यांतलं काही मागे असेल तर आधी ते बघावं लागतं. गरोदरपणातलं तर बहुतेकींचं बाळंतपणानंतर ओसरतं.

अहवालावर ‘माइल्ड’ (सौम्य), ‘मॉडरेट’ (मध्यम) की ‘सिव्हिअर’ (तीव्र) लिहिलंय ते बघा. पुढचं सगळं वाचन त्या एका शब्दावर चालतं. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसला असेल, पकड सुटत असेल, बधिरपणा चोवीस तास राहत असेल, तर बिनऑपरेशनचे उपाय शोधत महिने घालवू नका. नस फार काळ चेपली की नंतर ऑपरेशन करूनही सगळं परत येत नाही. माझं ‘मॉडरेट’ होतं, म्हणून मला वेळ होता.

मग वही. रोज रात्री किती वेळा जाग आली, सकाळी बोटं किती वेळ बधिर होती, काजं किती केली, एवढंच लिहायचं. डॉक्टर लोक यासाठी बोस्टन नावाची प्रश्नावली वापरतात. त्रासाचे 11 प्रश्न, कामाचे 8, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. आम्ही ती मराठीत उतरवून दर रविवारी भरली. माप न घेता ब्लाउज कापणाऱ्या बाईला मी दुकानात उभं करणार नाही, आणि स्वतःच्या हाताच्या बाबतीत मात्र ‘जरा बरं वाटतंय’ यावर सहा सिटिंग घेऊन बसले होते.

आता शोध. मराठीत ‘मनगट दुखणे उपाय’ टाकलं की तेलाच्या जाहिराती येतात. आजाराचं नाव, उपायाचं नाव आणि पुढे ‘रँडमाइज्ड ट्रायल’ (म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेला अभ्यास) किंवा ‘कॉक्रेन रिव्ह्यू’, हे इंग्रजी अक्षरांत टाका. पबमेड ही अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयाची फुकट यादी आहे. तिथं निदान सारांश वाचता येतो. कॉक्रेनवाले एका उपायावरचे सगळे अभ्यास गोळा करून साध्या भाषेत निष्कर्ष लिहितात, सुरुवात तिथून करावी. फोनवरचं भाषांतर चालतं, पण आकडे मूळ पानावरूनच घ्या.

सारांश उघडला की माझी मुलगी मोठ्यानं वाचायची आणि मी एकच विचारायची: कुणाशी तुलना केली? हा आजार सौम्य असेल तर काहींना काहीही न करता बरं वाटतं. जाऊबाईंचा हात लेपानं बरा झाला की आपोआप, हे त्यांना स्वतःलाही सांगता येणार नाही. त्यासाठी लेप न लावलेल्या, तसाच हात असलेल्या बायकांचा दुसरा गट लागतो. तुलना नसेल तर आम्ही पान बंद करायचो. दुसरा प्रश्न: फरक किती दिवस टिकला? पट्टे विकणाऱ्यांना हा प्रश्न आवडत नाही.

इंजेक्शनचंच बघा. इंग्लंडमध्ये 234 रुग्णांवर एक अभ्यास झाला, 2018 साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आला. एका गटाला मनगटात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन, दुसऱ्याला सहा आठवडे रात्रीचा स्प्लिंट, म्हणजे मनगट वाकू न देणारा पट्टा. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले पुढे, सहा महिन्यांनी दोघे सारखे. नुसता पहिला भाग वाचला तर इंजेक्शन जिंकलं असं वाटतं. 2013 चा स्वीडनमधला अभ्यास 111 जणांचा. त्यात खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या इंजेक्शनच्या गटातल्या 92 टक्के लोकांचं वर्षभरात ऑपरेशन झालं, स्टेरॉइडच्या जास्त डोसवाल्यांपैकी 73 टक्क्यांचं. म्हणजे उपयोग आहे, पण बऱ्याच जणांना शेवटी टेबलावर जावंच लागलं. हे वाचून मी डॉक्टरांना विचारलं, “गणवेशांचा हंगाम निघण्यापुरतं इंजेक्शन घेऊ का?” ते हसले, म्हणाले, “प्रश्न बरोबर विचारलात.” मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, हे आधीच बोलून घ्या.

मी आधी स्प्लिंटच निवडला. कॉक्रेनचं म्हणणं फार उत्साहाचं नाही. पुरावा कच्चा आहे, फायदा झाला तर माफक. पण स्वस्त आहे, धोका जवळपास नाही. मेडिकलमध्ये मिळाला तो मनगट मागे वाकवणारा होता. बोगद्यातला दाब सगळ्यात कमी असतो तो मनगट जवळपास सरळ असताना. आतली धातूची पट्टी बाहेर काढली, टेबलाच्या कडेवर दाबून सरळ केली, परत घातली. तळहाताकडची कड बोटांच्या मुळाशी घासत होती, ती दोन बोटांएवढी आत दुमडून शिवली. घामानं खाज सुटायची म्हणून मऊ सुती अस्तर लावलं. वेलक्रो करकचून आवळू नका, दाब कमी करायला घालतोय तो. पहिले चार दिवस झोपेत मीच काढून फेकायची. दुसऱ्या आठवड्यापासून वहीत ‘जाग 3’ चं ‘जाग 1’ झालं. निदान सहा आठवडे तरी द्या, तोवर निकाल लावू नका. थायरॉइडची गोळीही त्याच महिन्यात सुरू झाली होती, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते मला आजही ठरवता येत नाही.

बाकीचं भरभर. चुंबक: खोट्या चुंबकापेक्षा सरस ठरला नाही, काकूंना सांगायची हिंमत झाली नाही. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या: या आजारात फारसं काही करत नाहीत आणि पोट बिघडवतात. बी-6 जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनानं घेऊ नका. मोठ्या डोसमध्ये बरेच महिने घेतल्या तर त्यांनीच नसा बिघडतात. योगासनांवर 1998 चा अमेरिकेतला एक अभ्यास सापडला, 42 जण, आठ आठवडे. दुखणं कमी झालं, पकड सुधारली, पण नसेच्या चाचणीत ठळक फरक पडला नाही. छोटा अभ्यास आहे, पण आसनं फुकट आहेत. मी करते, तळहातावर भार देणारी सोडून.

कामातले बदल कुठल्या अभ्यासात शोधू नका, आपल्या हाताकडे बघा. मी कात्रीला महिन्याला धार लावून घेते. बोथट कात्रीनं जीन्स कापताना मनगटावर किती जोर येतो ते करणाऱ्यालाच कळतं. काजं एका बैठकीत करत नाही, वीस झाली की उठते. पाच गिऱ्हाइकांना या वर्षी नाही म्हटलं, ते सगळ्यात जड गेलं.

सापडलेली पानं घेऊन डॉक्टरांकडे जाताना गठ्ठा नेऊ नका. मी एका चिठ्ठीवर तीन ओळी नेल्या: काय केलं, वहीत काय दिसलं, आता काय विचारायचंय.

कालची नोंद: उजवा, जाग नाही. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला पहिल्यांदाच मुंग्या, पहाटे साडेचार. डाव्यासाठी नवं पान काढलंय.